शेताच्या बदल्यात मालू

मला शेताच्या बदल्यात देऊन टाकलं होतं. ऐकायला कसंतरीच वाटतं ना? मला तर हातातली परात त्या पंचांच्या डोक्यात घालावीशी वाटली होती.

झालं असं, तुकईथडला आमचं केळीचं शेत. बानं, म्हणजे माझ्या बापानं, भाईदासनं, ते शेजारच्या बांधावरच्या लीलाधरकाकाला विकायचं कबूल केलं. इसारही घेतला. मग त्या साली केळी अशी काही लागली की बाचं मन फिरलं. खरेदीखत करायला जाईचना. लीलाधरकाका भडकला, भडकणारच की! शिवीगाळ झाली, बांधावर काठ्या निघाल्या. शेवटी गावच्या रीतीनं पंच बसवले. दोघांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली, पंच सांगतील ते कबूल.

पंचांचा मुखिया पंडित पाटील. कुठलाही तंटा सोयरीक केली की मिटतो, अशी त्या माणसाची पक्की समजूत. तो म्हणाला, "शेत भाईदासकडेच राहू द्या. त्याच्या बदल्यात मालू लीलाधरच्या पोराला, दगाला द्यावी. दोन्ही घरं एक झाली, मग भांडण कशाचं?"

वा रे वा! सगळ्यांना पटलं. गूळ वाटला. वरून पक्कं काम म्हणून स्टँपावर निवाडा लिहून अंगठे घेतले.

दगाला आधीच एक बायको होती. सरुबाई, देडतलाईची. मूल होत नाही म्हणून तिला माहेरी पाठवलेली. म्हणजे मी जाणार ती सवत म्हणून. आणि उद्या मलाही मूल नाही झालं तर? मग माझीही रवानगी माहेरीच ना!

माय रोज चुलीपुढे बसून बाला सुनवायची, "पोर म्हणजे काय बांध आहे का, इकडचा तिकडे सरकवायला?"

बा मान खाली घालायचा. "बेलभंडार उचललाय, धुरपदे. जबान दिलीय मी." राग यायचा मला त्याचा, आणि कीवही यायची. लग्नाची तारीख मात्र तो पुढे ढकलत राहिला. कधी मुहूर्त नाही, तर कधी बैल आजारी.

लीलाधरकाका काय कमी होता? निवाडा घेऊन तो थेट बुऱ्हाणपूरच्या कोर्टात गेला. साहेबाचा हुकूम झाला की भाईदास पोरगी कशी देत नाही ते बघतो, म्हणाला. एकोणीसशे पंचावन्न साली आम्हाला नोटीस आली. बैलगाडीनं आम्ही तिघं निघालो. हुकूम झाला की सुटका नाही, एवढंच कळत होतं.

जजसाहेबांनी निवाडा वाचला. मध्येच थांबले. "हे काय लिहिलंय? 'पहिलीचा मान पहिला राहील.' पहिली कोण?"

"माझी सून, साहेब," लीलाधरकाका छाती काढून म्हणाला. "पाटलांनी मुद्दाम लिहायला लावलं. तिच्यावर अन्याय नको ना!"

"जिवंत आहे?"

"एकदम धडधाकट!"

जजसाहेबांनी चष्मा काढला. "अहो, यंदा नवा कायदा झालाय. एक बायको असताना दुसरी करणं गुन्हा आहे. कायद्यानं ज्याला मनाई केली, ते पंचांना ठरवता येत नाही. तुम्ही दोघं राजी असलात तरी नाही. हा निवाडा रद्द."

"अन् माझं शेत?"

"शेत अन् मुलगी तुम्हीच एका गाठीत बांधली, म्हणून सगळाच निवाडा गेला. शेताचा वेगळा दावा लावा."

बा हात जोडून उभा राहिला. "साहेब, मी बेलभंडार उचललाय. त्याचं काय?"

"गुन्हा करायची शपथ कुणाला बांधत नसते. मुलीला घेऊन घरी जा."

अगं बाई गं! मायनं मला धरून बाहेर आणलं.

बाहेर लीलाधरकाका तोंड पाडून उभा होता. बा त्याच्यापाशी गेला. आता परत जुंपणार, असंच मला वाटलं. बा म्हणाला, "चल, रजिस्ट्रीत जाऊ. शेत तुझ्या नावावर करून देतो."

काका बघतच राहिला. "केळी उभी असताना?"

"केळीसकट. इसार घेऊन फिरलो मी, चूक माझी होती. दावा कशाला लावतोस?"

"अरे, या शेतापायी तू पोरगी द्यायला निघाला होतास, भाईदास!"

"हो ना," बा म्हणाला, आणि कोर्टाच्या पायरीवर बसून, डोक्याचं पागोटं तोंडाला लावून, लहान लेकरासारखा रडायला लागला. मीही त्याच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. माय म्हणत होती, "गप बसा, लोक बघताहेत," आणि स्वतःच पदरानं डोळे पुसत होती.