टिंबाच्या खाली

"सिस्टर, ती टिंबं पुसा आधी," धाकट्या मॅडम म्हणाल्या. "टिंबं बघून कुणीही टोचेल. माझ्या हाताला कळायला हवं."

सिस्टर पेशंटच्या खुर्चीत आडवी होती. पंधरा वर्षं ती या खुर्चीच्या बाजूला उभी राहिली होती, आज पहिल्यांदा खुर्चीत. टिंबं काढणं हे तिचंच काम. पेशंटला नाक मुरडायला सांगायचं, नाकाच्या दोन्ही अंगांना सुरकुत्या उठल्या की वरच्या बाजूला पांढऱ्या पेन्सिलने एकेक टिंब. सुई टिंबावरच. खाली घसरली तर सुरकुत्या घालवणारं, स्नायू ढिला पाडणारं औषध ओठ उचलणाऱ्या स्नायूत उतरतं आणि माणसाचं हसू वाकडं होतं.

आरशात बघून काढलेली आपली टिंबं तिने बोळ्याने पुसली.

प्रश्न १. हे इंजेक्शन तुम्ही स्वतःच्या इच्छेने घेत आहात का?

हा संमतीचा फॉर्म सिस्टर प्रत्येक पेशंटकडून भरून घ्यायची. तिच्याकडून कुणी घेतला नाही.

एक बाटली, एक पेशंट, असं बाटलीवर छापलेलं असतं. उरलेलं फेकायचं असतं. पण शनिवारी मोठ्या मॅडम उरलेली बाटली उजेडात धरून बघायच्या.

"वाया कशाला घालवायचं? सुनेचा हात बसेल, तुमचं नाक गुळगुळीत होईल."

"माझं नाक आहे तसं बरं आहे, मॅडम."

"रोज लवकर, साडेपाचलाच सोडते ना मी तुम्हाला? मी कधी कुरकुर केली?"

सिस्टरने आरसा आणि पांढरी पेन्सिल घेतली.

प्रश्न ४. तुमचं रोजचं काम चेहऱ्याच्या हालचालीवर अवलंबून आहे का?

हो.

तिचा नवरा सलून चालवायचा. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि तोंड एका बाजूला ओघळलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल तेवढंच, पुढे नाही. रोज सहा वाजता सिस्टर त्याच्यासमोर बसायची. सलूनमधला हातआरसा, ज्यात तो गिऱ्हाइकांना त्यांची मान दाखवायचा, तो आपल्या गालाशी धरायची. "आधी माझ्याकडे बघा, मग आरशात. हं, हसा." गेल्या आठवड्यात ओठाचं टोक नखाएवढं वर आलं होतं.

"मॅडम, जरा वर," सुई टेकताच ती म्हणाली.

"सिस्टर, पेशंटने बोलायचं नसतं."

प्रश्न ७. कोणते दुष्परिणाम होऊ शकतात हे तुम्हाला समजावलं आहे का?

समजावणारी तीच होती.

आठव्या दिवशी संध्याकाळी तिने आरसा गालाशी धरला. "अहो, बघा हं." आणि हसली. ओठाचं उजवं टोक जागचं हललं नाही.

नवरा बघत राहिला. मग जड जिभेने म्हणाला, "नक्कल करतेस?"

"नाही हो. कामावर सुई लागली."

"वीस वर्षं… तोंडं बघितली मी." त्याच्या हनुवटीवर लाळ उतरली. "मला शिकवतेस?"

तिने पुसायला हात पुढे केला. त्याने तो बाजूला सारला आणि आरसा काढून घेऊन मांडीवर पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी सहा वाजता तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिसऱ्या दिवशीही.

"सुई थोडी खाली गेली वाटतं," दवाखान्यात तिचा ओठ बघून धाकट्या मॅडम म्हणाल्या.

"यावर काही उतारा?" सिस्टरने विचारलं. उत्तर तिला पाठ होतं.

"तीन-चार महिन्यांत जातं आपोआप. तुम्हीच सांगता ना पेशंटना?"

"त्यांना तेवढे महिने नाहीत, मॅडम."

"कुणाला?"

मोठ्या मॅडमनी चष्मा लावून सिस्टरचा चेहरा दोन बोटांनी उजेडाकडे वळवला. अगदी पेशंटचा वळवतात तसा.

"तोवर मास्क लावा आणि आत बसा. पेशंट घाबरतील." मग सुनेकडे वळून, "फोटो काढून ठेव गं. नव्या डॉक्टरांना शिकवायला असं उदाहरण मिळत नाही. मास्क काढा, सिस्टर. हसा."

प्रश्न ११. तुमचा फोटो शिकवण्यासाठी वापरायला तुमची परवानगी आहे का?

सिस्टरने मास्क काढला. धाकट्या मॅडमनी मोबाइल समोर धरला.

"थांबा," ती म्हणाली.

तिने खिशातून पांढरी पेन्सिल काढली. आरशाशिवाय, बोटाने नाकाचं हाड चाचपत, दोन्ही बाजूंना एकेक टिंब काढलं. सुई जिथे जायला हवी होती, बरोबर तिथे.

"आता घ्या," ती म्हणाली, आणि येत होतं तेवढं हसली.