काठाखालचा अशोक

“बॉर्डर अशी टाक भिया, की बघणाऱ्याला आपली मिल याद आली पाहिजे,” अशोक म्हणाला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड टेबलावर ठेवून घाईने गाडीत जाऊन बसला. त्याला सांवेर रोडवर, आपल्या छपाईच्या युनिटवर पोचायचं होतं.

शरच्चंद्र त्या गाडीकडे ती वळेपर्यंत बघत राहिला. मग कॉम्प्युटरकडे वळला. फोटो लॅबमध्ये त्याचं काम एवढंच होतं. बारसं असो की खजरान्याच्या देवळातलं दर्शन, येईल त्या फोटोभोवती फुलं, मोर, घंटा टाकायच्या. एके काळी तो आणि अशोक मिलच्या डिझाइन खात्यात शेजारी बसून चौकटीच्या कागदावर साड्यांचे काठ काढत. मिल बंद पडायच्या दोन वर्षं आधी अशोक राजीनामा देऊन निघाला. शरच्चंद्र थांबला. आपण निष्ठेने थांबलो, असं तो घरी सांगे. खरं म्हणजे त्याला धाडस झालं नव्हतं आणि अशोकला झालं होतं. बारा वर्षं ते त्याला सलत होतं.

फोटो उघडला. गेल्या रविवारी अशोकने खात्यातल्या जुन्या लोकांना युनिटवर जेवायला बोलावलं होतं. शरच्चंद्रलाही. “गावाला, बेटम्याला जायचंय,” असं सांगून तो दिवसभर घरीच पडून राहिला होता.

सगळे रांगेत उभे होते. उजव्या टोकाला अशोक, त्याच्या शेजारी बाबूराव. अशोकला आणि त्याला काठ काढायला शिकवणारे खात्याचे मुख्य. बाबूरावांचा हात अशोकच्या खांद्यावर होता. शरच्चंद्रचा काठ बघून मात्र हा माणूस अकरा वर्षं नुसतं “ठीक आहे” म्हणायचा.

त्याने तयार बॉर्डर घेतली नाही. दुपारभर बसून स्वतः कोयऱ्या काढल्या, टपोऱ्या, एकीच्या पोटात दुसरी. फोटो जरासा लहान केला असता तर सगळे आत मावले असते. त्याने केला नाही. काठ फोटोवरच चढवला आणि उजवीकडे हवा तेवढा रुंद केला. अशोक त्याखाली गेला, बाबूरावांचा हातही मनगटापर्यंत गेला. फार दिवसांनी त्याला बरं वाटलं.

बारा प्रती गेल्या. कुणी काही बोललं नाही.

चार महिन्यांनी बाबूराव गेले. तेरावं झाल्यावर अशोक लॅबमध्ये आला.

“शरद, तो फोटो बिना बॉर्डरचा आहे का? कार्डातला मी उडवला यार, तुझ्याकडे असेल म्हणून. बाबूरावजींबरोबरचा माझा तेवढा एकच होता.”

लॅबमध्ये मूळ फोटो महिन्याभरात पुसत. उरला होता तो बॉर्डरवालाच. शरच्चंद्रने तो उघडला आणि एकेक कोयरी खोडायला घेतली. खाली अशोक नव्हता. नुसतं पांढरं होतं.

“ते चुकून झालं नव्हतं,” पडद्यावरची नजर न काढता शरच्चंद्र म्हणाला.

“माहीत आहे रे. कोयरी कुठे बसवायची, हे तुला नाही समजणार तर कोणाला?” अशोक खुर्ची ओढून बसला. “त्यांच्या पलंगासमोर लावला होता हा फोटो. येईल त्याला दाखवायचे. म्हणायचे, माणसं सोडा, काठ बघा. शरदचा आहे. असा हात खात्यात दुसऱ्या कोणाचा नव्हता.”

शरच्चंद्रच्या बोटाखालचा माउस थांबला.

“हे मला कधी बोलले नाहीत.”

“मला मात्र रोज बोलायचे. मिलमध्ये असल्यापासून. तुला काय वाटलं, मी सोडून का गेलो?”

अशोकने पडद्यावर बोट टेकवलं. “असाच काढून दे.”

“ही पांढरी पट्टी?”

“राहू दे.”

प्रत बाहेर आली. “ओली आहे अजून,” शरच्चंद्र म्हणाला. अशोकने ती दोन्ही तळहातांवर घेतली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून छातीजवळ धरून, हळूहळू रस्ता ओलांडून गेला.