चंद्रीची फॅट

नव्या मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला ते मशीन समजावून सांगणारा प्रोग्राम, जुन्या सिस्टिमवर चालता करायचा, ही माझी नोकरी. आठवडाभर कंपनीसाठी तेच. त्यात आमच्या निमगाव सावातल्या डेअरीनं दुधाची फॅट मोजायचं नवं मशीन आणलं आणि तिथला म्हातारा कॉम्प्युटर त्याला ओळखेना. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! नवी सिस्टिम टाका म्हटलं, तर चेअरमन सयाजीभाऊ म्हणाले, दसऱ्याला ज्याची पूजा करतो त्याच्या पोटात हात घालायचा नाही. मग नवा ड्रायव्हर मीच उसवला आणि जुन्या कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, मापानं पुन्हा शिवला. रविवार गेला, पण मशीन चाललं.

चाललं आणि घात झाला. जुन्या मशीनच्या ड्रायव्हरमधला गुणाकारच चुकलेला. इतकी वर्षं तो सगळ्यांची फॅट फुगवून दाखवत होता. नवा खरं बोलला. पैसे टँकरच्या तपासणीवर मिळतात, दूध घालताना मिळणाऱ्या चिठ्ठीवरचा आकडा नुसता मानाचा. पण मान काय थोडा असतो? माझ्या सासूबाईंची, धोंडाबाईंची, म्हैस चंद्री गाईच्या आकड्यावर आली. सगळ्यांचाच आकडा उतरला होता, पण दुसऱ्याचं दुःख कोण मोजतंय. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि चंद्रीला बेल्ह्याच्या बाजारात काढायचं ठरवलं. पारडी असतानाच आई मेलेल्या चंद्रीला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं.

डेअरीत मीटिंग बसली. मशीन बरोबर आहे, हे मी घसा फोडून सांगितलं. सयाजीभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नवं जुन्यावर बसवलंस ना? मग जुन्याची चूक का मागं ठेवलीस? ती पन बसव."

ठराव एकमतानं पास. म्हशींना बोलावलं असतं तर त्यांनीही शेपट्या वर केल्या असत्या. आता बघा राव, चुका काढायचा मला पगार मिळतो आणि इथं चूक घालायला अख्खं गाव जमलेलं! पण बाजाराचा टेम्पो दारात येऊन उभा होता. मी मुकाट्यानं चूक घातली.

संध्याकाळी चंद्रीचा आकडा पुन्हा वर चढला. सासूबाईंनी टेम्पो परत पाठवला. गोठ्यात तिच्या पाठीवर हात फिरवत त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या, तेही अगदी हळू.

"अक्षदा, तू आकडा वाढवलास, मला ठावं हाय. खरा किती, ते मला सांगू नको. हिला तर मुळीच नको."

मी मान हलवली. तेव्हापासून गोठ्यात मी फॅटचा विषय काढत नाही.