जपून ठेवलेला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना बास्केटबॉल आहे. जुना वयानं. वापरानं म्हणाल तर कोराच, आणि तेच माझं दुखणं आहे. माझ्या अंगावरचे दाणे बघा, एकही झिजलेला नाही. बघणारे म्हणतात, वा, काय जपलाय! कुणी असं म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जपलाय म्हणे!

माझा जन्म मेरठचा. बारा भावंडं एका खोक्यात कोंबून आम्हाला वर्ध्याच्या दुकानात धाडलं. तिथून माझा एक भाऊ हिंगणघाटच्या कॉलेजात गेला आणि मी वर्ध्याला खेटून असलेल्या सिंदी मेघेच्या कॉलेजात आलो. निघताना मला त्याची दया आली होती. दुकानदार सांगत होता, हिंगणघाटचं मैदान फुटकं आहे आणि एक रिंग वाकडी आहे. आमच्याकडे मात्र गुळगुळीत कोर्ट, पांढऱ्याशुभ्र रेघा, दोन्हीकडे नव्या जाळ्या! मी मनात म्हटलं, आपण नशीब काढलं.

कसलं नशीब! पहिल्याच दिवशी मला कोर्टाशेजारच्या व्हरांड्यातल्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि खट्ट आवाज झाला. तो आवाज माझ्या अजून कानात आहे. त्या कपाटाखालची फरशी उतरती होती, त्यामुळे दार हात सोडला की आपोआप मिटायचं आणि आतली कडी आपोआप पडायची. एकदा पडली की किल्लीशिवाय सुटका नाही. किल्ली शिपाई ताराचंदच्या कमरेला आणि ताराचंद येणार अकरा वाजता.

दाराचा पत्रा एका कोपऱ्यात वाकलेला होता. त्या बोटभर फटीतून मी आठ वर्षं जग पाहिलं. समोरच कोर्ट होतं. पण त्यावर दुचाक्या उभ्या असायच्या, स्नेहसंमेलनात मांडव पडायचा, परीक्षेच्या दिवसांत बाकं येऊन पडायची. तपासणीची समिती येणार असली की मात्र रेघा रंगायच्या, माझं अंग पुसलं जायचं आणि प्राचार्य मला हातात धरून फोटो काढायचे. फोटो झाला की खट्ट. वर्षातून एकदा आंतरमहाविद्यालयीन सामन्यालाही मला नेत, पण खेळ यजमानांच्याच चेंडूनं होई, मी पिशवीतच राही, आणि आमचा संघ पहिल्याच फेरीत हरून परत येई. मग पुन्हा खट्ट. माझ्या शेजारी सहा नवे चेंडू येऊन बसले. त्यांच्या अंगावरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. बिचारे गुदमरून माझ्याकडे बघायचे. मी काय सांगणार त्यांना?

तुम्ही म्हणाल, असा कोण दुष्ट माणूस होता? तसं नाही. आमचे क्रीडाशिक्षक किसनराव सर फार सरळ माणूस. तरुणपणी स्वतः खेळलेले. पण वीस वर्षांपूर्वी त्यांच्या ताब्यातला एक भाला हरवला. दीड वर्ष चौकशी चालली. सरांनी विहिरीत गळ टाकून पाहिला, छपरावर चढून पाहिलं. शेवटी भाला सापडला माळ्याकडे. त्यानं कारल्याच्या वेलाला टेकू म्हणून रोवला होता! सगळे हसले, पण सरांच्या मनानं धसका घेतला तो घेतलाच. तेव्हापासून खेळाचं सामान म्हणजे देवघरातला देव. दर्शन घ्यायचं, हात लावायचा नाही.

आणि मग आली वर्षाली.

बोरगाव मेघेची पोरगी. घरी भाजीपाल्याची शेती. उंच, सावळी, हात लांबलचक. तिला एकच ध्यास लागला होता: विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी, ती जर्सी अंगात घालावी. आणि हे तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, संघातलं मात्र पहिलंच. यंदा नाही तर कधीच नाही. रोज सकाळी सहाला ती आणि तिच्या मैत्रिणी कोर्टावर येऊन उभ्या राहायच्या, आणि मी फटीतून त्यांच्याकडे बघत राहायचो. आमच्यामध्ये फक्त एक पत्रा होता.

एक दिवस ती सरांच्या वाटेवरच उभी राहिली.

"सर, आमाले चेंडू काऊन नाई देत जी? पोरी येऊन येऊन परत जाऊन राह्यल्या."

"सामन्याच्या दिवशी भेटते ना."

"सामन्याच्या दिवशी भेटला तं शिकाचं कधी?"

"हरवला तं कोण भरून देईन? तू देशीन काय?" सर म्हणाले आणि निघून गेले. पण जाताना त्यांनी एकदा मागं वळून कोर्टाकडं पाहिलं, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ऐका. वर्षालीनं पिशवीतून एक पत्ताकोबी काढली. हो, पत्ताकोबी! चांगली घट्ट, गोल, माझ्याएवढी. तिच्या वाडीत भाजी गाडीत भरताना सगळं घर रांगेत उभं राहतं आणि गड्डे हातोहात फेकत गाडीपर्यंत पोचवतं. गड्डा पडला की फुटला आणि आई शकुंतलाबाईची शिवी पडली. लहानपणापासून हे काम केल्यानं पोरीचे हात असे तयार झाले होते की काय सांगू! कशीही फेका, अलगद झेलणार. तिनं मैत्रिणींनाही शिकवलं. आमच्या कोर्टावर पत्ताकोबी उडू लागली आणि मी, मेरठचा अस्सल बास्केटबॉल, कपाटात बसून बघू लागलो! असा जळफळाट झाला माझा! पण खरं सांगू? मला रडूही आलं. पोरी इतक्या मनापासून खेळत होत्या. खेळ संपला की वर्षाली कोबी उचलून घरी न्यायची. संध्याकाळी तिचीच भाजी.

हिवाळ्याच्या तोंडावर सामना आला, आणि तोही हिंगणघाटला. एसटीनं आम्ही गेलो. सरांनी मला मांडीवर घट्ट धरलं होतं. मैदानावर उतरल्यावर त्यांनी पंपानं माझ्यात हवा भरली आणि सरावासाठी वर्षालीकडे टाकलं. तिनं मला पहिल्यांदाच हातात घेतलं. त्या क्षणासाठी मी आठ वर्षं थांबलो होतो, मित्रांनो. तिनं मला जमिनीवर आपटलं आणि मी तिच्या घोट्यापर्यंतही उसळलो नाही. माझं रबर वाळून कडक झालं होतं. कुठंतरी बारीक चीर पडली होती आणि तिथून हवा फुस्स करत निघून चालली होती. लाजेनं मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

समोर यजमान संघाचा चेंडू टणाटण उसळत होता. बघतो तर माझाच भाऊ! अंगावर एक दाणा शिल्लक नाही, पार टक्कल पडलेलं, रंग विटलेला. पण उडी अशी की रिंगच्या वर! मला बघून म्हणाला, "अरे, तू तर जसाच्या तसा राहिलास!" त्याला बिचाऱ्याला वाटलं, आपण कौतुकच करतोय. मी मान खाली घातली.

सामना त्याच्यावरच खेळला गेला. आमच्या पोरींनी पास असे झेलले की हिंगणघाटवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. पण पुढं? मित्रांनो, पत्ताकोबी टप्पा घेत नाही. वर्षाली चेंडू झेलायची आणि छातीशी धरून तशीच पळायची, वाडीत पळायची तशी. की वाजली शिट्टी! टप्पा न घेता पळणं चूक. पुन्हा झेलला, पुन्हा पळाली, पुन्हा शिट्टी. तिला कळत होतं, पण पायांना सवय पडली होती. शेवटी ती मैदानातच थांबून स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. एकेचाळीस विरुद्ध सहा. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर किसनराव सर हिंगणघाटच्या मंजुषा मॅडमजवळ गेले. मी त्यांच्या काखेत होतो, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

"मॅडम, खरं सांगा. दरवर्षी तुमच्याच पोरी जिंकतात. खुराक काय देता? कोच बाहेरून आणला काय?"

"कुठचा कोच जी! मी एकटीच आहो. अन् खुराक म्हणाल तं घरचा डब्बा."

"मंग?"

मॅडम हसल्या. "सर, आमच्या खेळाच्या खोलीची कडी सहा वर्सांपयले तुटली. मी दुरुस्तीचा अर्ज देल्ला होता. कोणी आलंच नाई. तवापासून खोली उघडीच हाय. पोरी सहाले येतात, चेंडू घेतात, खेळतात. शिकून गेलेल्या पोरीही येतात, नव्याइले शिकवतात. बस, येवढंच."

"अन् चेंडू हरवले तं?"

"दोन गेलते. एक आलाच नाई. दुसरा महिनाभरानं आला, अन् संगती तीन पोरी घेऊन आला. गल्लीत खेळून राह्यल्या होत्या त्याच्यासंगं. मी म्हटलं, या वं, इथंच खेळा. त्यातलीच एक आज तुमच्यावर बारा पॉइंट करून गेली."

 परतीच्या एसटीत वर्षाली सरांच्या सीटजवळ आली. डोळे सुजलेले. "सर, एकवीस दिवसांनी नागपूरले निवड हाय. कपाटातला एक नवा चेंडू मी घरी नेऊ काय?" सरांचे ओठ हलले. मला वाटलं, आता हो म्हणतील. पण वीस वर्षांची सवय ती! "चेंडू कपाटातच राहीन," ते म्हणाले. खट्ट.

आठ दिवस गेले. एकविसातले आठ! आत बसून मी एकेक दिवस मोजला. नवव्या दिवशी दुपारी सर एकटेच आले. कपाट उघडलं, मला घेतलं, कोर्टावर गेले आणि मला आपटलं. मी उसळलो नाही. त्यांनी पुन्हा हवा भरली, ती पुन्हा गेली. त्यांनी चिरेवर अंगठा दाबून धरला आणि खालीच बसले. "अरे," ते मला म्हणाले, "मी तं तुले जपून ठेवलं होतं बापा!"  मला त्यांचा राग होता, पण त्या वेळी तो कुठं गेला कळलं नाही. आम्ही दोघंही आपापल्या कपाटात अडकलो होतो. त्यांच्या कपाटाला पत्रा नव्हता एवढंच.

त्यांनी वहीत माझ्या नावापुढे लिहिलं, "निकामी." मग ताराचंदला हाक मारली आणि नव्या चेंडूंचं प्लास्टिक स्वतःच्या हातानं फाडलं. "उद्यापासून कपाट उघडं राहीन. पोरींले चेंडू घेऊ दे."

ताराचंद दचकला. "सर, लेखी द्या. उद्या माह्या नावानं बोंब नको."

सरांनी लेखी दिलं. 'कपाट उघडे राहील. जबाबदारी माझी.' खाली सही केली. 

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय? दार रात्रीत आपोआप मिटलं होतं! कडी पडलेली, ताराचंद अकराला येणार. पोरी हात चोळत उभ्या. सहापासून अकरापर्यंत वर्षाली पायरीवर बसून राहिली. कपाट उघडल्यावर तिनं आधी चेंडू नाही घेतला. सगळ्यांत खालच्या कप्प्यातून मला ओढलं, उतरत्या फरशीवर दार आणि चौकटीच्या मध्ये दाबून बसवलं आणि वरून एक लाथ मारली. "बस इथं. हालजो नको." दार मिटायला आलं, माझ्यावर आदळलं आणि थांबलं.

त्या पोरीनं पुढचे बारा दिवस जीव तोडून सराव केला. किसनराव सर सकाळी सहाला यायचे, पँट दुमडून तिला टप्पे शिकवायचे. ते खेळताना किती वेगळे दिसायचे! मग ती नागपूरला गेली, आणि परत आली तेव्हा पहिल्या वर्षाची काजल धावत तिच्याकडे गेली.

"झालं काय वं ताई?"

"नाई." वर्षाली पायरीवर बसली. सरही जवळ उभे होते. "ते म्हणले, पोरीचे हात लाखात एक हायेत, एक पास सुटला नाई. पण टप्पा कच्चा. मले इचारलं, चेंडू कधीपासून धरला? मी म्हटलं, बारा दिवस झाले जी. ते आधी हासले. मंग कोणीच हासलं नाई. म्हणे, वर्षभर आधी धरला असता तं घेतलीच असती."

सरांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत राहिले. "माह्यानं चुकलं, बाई," ते म्हणाले.

 वर्षालीनं डोळे पुसले, ती उठली आणि तिनं एक चेंडू काजलच्या हातात दिला. "तुले अजून दोन वर्सं हायेत. चाल, टप्पा घे. खाली नको पाहू."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. मी कधी जाळीतून गेलो नाही, आता जाणारही नाही. तुमच्या शाळेतही एखादं कपाट असेल आणि त्यात माझ्यासारखं कुणी कोरं राहून सुकत असेल. त्याला बाहेर काढा. झिजू द्या, टक्कल पडू द्या, हरवलं तर हरवू द्या. झिजलेला माझा भाऊ अजून उसळतो, जपलेला मी उसळत नाही. आणि त्या पोरीचं वर्ष कुठल्याही कपाटात परत सापडणार नाही.

सकाळी सहाला काजल येते, मला ओलांडून चेंडू काढते. दिवसभर वारा दाराला ढकलत असतो आणि दार माझ्यावर आदळत असतं. पण मी सरकत नाही.