मोटारीचं पाणी

टप्.

भिंगरी नुकतीच माझ्या दंडावर झोपली होती आणि दुपार चिडीचूप होती. पुन्हा टप्. लेकीच्या मानेखालून हात अलगद काढून घेतला, स्वयंपाकघरातला नळ पाहिला, तर तो कोरडा. आवाज भिंतीपलीकडून, गॅरेजमधून येत होता.

दार लोटलं. बरेच दिवस गोठून राहिलेली थंडी आज जरा सैलावली होती. खिडकीतून दुधी ऊन आत आलं होतं आणि त्यात बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, जुनी निळी मोटार एखाद्या गुबगुबीत जनावरासारखी पेंगत उभी होती. तिच्या पोटाखालून पाणी ठिबकत होतं, खाली पडलेल्या पत्र्याच्या झाकणावर. बाबा शेजारी स्टुलावर बसले होते.

"इंजिनाचा ठोकळाच तडकला," ते म्हणाले. "आतलं पाणी गोठलं, फुगलं, त्याला जागा हवी झाली. बिडाच्या लोखंडाला कुठं वाकता येतं?"

काय घडलं ते मला लगेच कळलं. या मोटारीत बाबा साधं पाणीच घालत. पाणी गोठू न देणारी बाटलीतली रंगीत औषधं तिला सोसत नाहीत म्हणे. त्यामुळे थंडी पडायला लागली की ते पाणी काढून टाकावं लागे. आणि दर हिवाळ्यात सासूबाई हातातलं काम न सोडता विचारत, "मोटारीचं पाणी सोडलंत का?" पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणत, "सोडलं गं बाई!" सोडलेलं कधीच नसे. मग काहीतरी आठवल्यासारखं करत ते उठत, चपला शोधत आणि गॅरेजकडे सटकत. सासूबाई मला डोळा मिचकावून म्हणत, "खोटं बोलायचं तर चपला तरी जवळ ठेवाव्यात माणसानं."

या हिवाळ्यात विचारायला त्या नव्हत्या.

"भंगारवाल्याला फोन कर," बाबा म्हणाले.

सासूबाई गेल्यापासून बाबा सकाळी उठत ते फक्त मोटारीवरची धूळ पुसायला. मोटारच गेली तर कशासाठी उठणार?

"करते की. पण भेग केवढी आहे ते बघून सांगा. भंगारवाला विचारेल."

भंगारवाला असलं काही विचारत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सगळी हयात लेथवर गेलेली. माप काढायचं म्हटल्यावर बोटं आपोआप हलली. त्यांनी आधी तेलाची पट्टी ओढून उन्हात धरली. तेल दुधाळ झालं असतं, तर पाणी आत शिरलं असं समजायचं. पट्टीवरचं तेल काळंभोर होतं.

"भेग आत नाही गेली," ते हळूच म्हणाले. "बाहेरच्या भिंतीतच आहे." मग मान न वळवता, "रॉकेल आण. आणि खडू."

खडू म्हटल्यावर भिंगरी डोळे चोळत दारात हजर. "माझाय तो!"

"उसना दे ना गं."

"सगळा संपवायचा नाही हं, आजोबा."

बाबांनी ठोकळा पुसून कोरडा केला, त्यावर रॉकेल फिरवलं, ते पुसून काढलं आणि खडूची पूड चोळली. आम्ही तिघं वाट बघत बसलो. उन्हात पांढरी धूळ तरंगत होती. भेगेत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपलं आणि पांढऱ्यावर एक बारीक, काळसर, वळणावळणाची रेघ उमटली.

"नदी!" भिंगरी कुजबुजली.

"नदीच. आता तिला बांध घालायचा."

पुढच्या दुपारी स्वप्नासारख्या गेल्या. भिंगरी झोपली की मी जायची आणि बॅटरीचा उजेड धरून उभी राहायची. बाबांनी पहिल्यांदा भेगेच्या दोन्ही टोकांना गोल भोकं पाडली. "भेग टोकाकडून पळते. गोल भोक लागलं की तिथंच घुटमळते."

"सरळ वेल्डिंग का नाही करत?"

"बीड आहे ते. तुझ्या सासूसारखं. एकीकडे चटका द्यावा, तर भलतीकडेच फुटतं."

सासूबाई गेल्यानंतर त्यांचं नाव काढून ते पहिल्यांदाच हसले. मी बॅटरी हलू दिली नाही.

मग भेगेवर भोक, भोकाला आटे, आट्यांत पिळाचा खिळा घट्ट आवळायचा आणि वरचं डोकं कापायचं. पुढचा खिळा मागच्याचा थोडा घास घेऊन बसवायचा. "म्हणजे दोघं एकमेकांना सोडत नाहीत," बाबा म्हणाले. शेवटी हातोडीनं हलके ठोके दिले, कानस फिरवली. लोखंडाचा चुरा उन्हात चमचमत खाली उतरत होता. नदी हळूहळू बुजली.

पाणी भरलं त्या दिवशी भिंगरीनं दुपारची झोप नाकारली. आम्ही तिघं झाकणाकडे बघत बसलो. बाबांनी इंजिन चालू केलं. मोटार खोकली, थरथरली आणि मग गुरगुरत राहिली. गॅरेज उबदार झालं. झाकण कोरडंच राहिलं. बाबांनी तळहात ठोकळ्यावर ठेवला, चटका बसला तरी जरा वेळ तसाच.

"भंगारवाल्याला काय सांगू?" मी विचारलं.

"सांग, मालक मोटारीसकट फिरायला गेलाय."

संध्याकाळी थंडी पुन्हा कडक झाली. बाबा पेपर घेऊन बसले होते, भिंगरी खडूच्या उरल्या तुकड्यानं फरशीवर नद्या काढत होती. मी भाजी चिरत होते. ठरवलं काहीच नव्हतं, हातही थांबला नव्हता.

"मोटारीचं पाणी सोडलंत का?"

"सोडलं गं बाई!" पेपरामागून आवाज आला.

पेपर हलायचा थांबला. मग बाबांनी घडी घातली, काहीतरी आठवल्यासारखं केलं आणि चपला शोधू लागले. गॅरेजचं दार वाजलं. पाणी सुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

भिंगरीनं खडू खाली ठेवला.

"आई, आजोबा 'गं बाई' कुणाला म्हणाले?"