बँडमास्तरांच्या धमनीतला पहारा

मी एक जुना पहारेकरी आहे, मित्रांनो, कुळाने प्रथिन. डोळ्यांना दिसणार नाही एवढा लहान. एका बँडमास्तरांच्या हृदयाला रक्त पोचवणाऱ्या धमनीच्या भिंतीत माझं घर आहे. खरं तर आम्ही अल्पायुषी. एक झिजला की भिंतीतल्या पेशी त्याच घडणीचा दुसरा करतात. पण पहारा तोच, म्हणून सगळ्यांच्या वतीने मीच बोलतो.

मास्तर तरुण होते तेव्हा काम सोपं होतं. ते ट्रम्पेट ओठांना लावत, रक्ताचा जोर वाढे, आणि भिंत ताणली जाऊन अलगद जागेवर येई. एखादी पेशी दमली तर मी तिला सावरून धरी. "काय दम आहे!" असं लोक म्हणत. शाबासकी मास्तरांना मिळे. आमचं नाव कुणी घेतलं नाही, घेणार तरी कसं?

पुढे दोन गाण्यांच्या मधे सिगारेट आली, कार्यक्रमानंतरचं तळलेलं खाणं आलं. रक्तातली चरबी भिंतीत झिरपून तिथेच नासू लागली. ती साफ करायला पांढऱ्या पेशी धावून आल्या, अधाशासारख्या खाऊन फुगल्या आणि जागच्या जागी मेल्या. सफाईला आल्या आणि स्वतःच कचरा होऊन बसल्या! मी हिला सावर, तिला सावर, असं करत राहिलो. पण आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार? माझे सोबती एकेक करून संपले, नवे घडवायला पेशींत त्राण उरलं नाही. आता त्या नासक्या गोळ्यावर एक पातळ पापुद्रा तेवढा उरला आहे. तो फाटला की रक्ताची गुठळी होईल आणि वाट बंद. मला फार भीती वाटते.

आणि मास्तर? परवा उंच सूर लावताना त्यांचा दम तुटला, छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. त्यांनी रागाने वाद्याकडे पाहिलं.

"नळीत घाण साचलीय," ते बायकोला म्हणाले. "हवाच पुढे सरकत नाही."

साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, ब्रश घालून त्यांनी ट्रम्पेट लख्ख केलं. मी आतून ओरडत होतो, मास्तर, ती नव्हे, ही नळी! आज सकाळी त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच, वर कपाळाला दरदरून घाम.

बायकोने नळी उजेडाकडे धरून आत डोकावलं. "ही तर आरशासारखी आहे हो. आता तुमची तपासून घेऊ."

"संध्याकाळी कार्यक्रम आहे. उद्या बघू."

तिने तोंडाकडचा माउथपीस काढला आणि पर्समध्ये टाकला. "डॉक्टर हो म्हणाले की परत मिळेल. चपला घाला."

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी छाती धरून थांबलं, तर 'वय झालं' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आम्ही आत आहोत तोवर झुंजू, पण आम्हाला हाक मारता येत नाही. ती तुम्ही मारा.

मास्तर आत्ता दवाखान्यापाशी पोचले आहेत. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे.

"इथेच बसा. मी डॉक्टरांना खाली बोलावते," बायको म्हणते.

"छे! एवढ्याशा जिन्याला काय घाबरायचं?" असं म्हणून मास्तर पहिल्या पायरीवर पाय ठेवतात.

पापुद्रा ताणला जाऊ लागला आहे. मी त्याला घट्ट धरून आहे.