तिठ्यावरची फांदी

"मिलकाबाईंचा पाव मिळतो ते घर हेच ना?" त्या माणसाने विचारले, तेव्हा मिलकाला पुरून आम्ही नुकतेच अंगणात येऊन बसलो होतो.

नवराबायको खालून त्रिएस्तेहून बसने आले होते. शहरात कुठे जेवावे याची यादी त्यांना हॉटेलवाल्याने दिली होती. तिच्यात शेवटी पेनाने आमचे घर लिहिले होते: तिठ्यावर हिरवी फांदी दिसली तरच जा.

आमच्या डोंगरावर अशीच रीत आहे. घरची वाइन, घरचे हॅम विकायला दार उघडले की तिठ्यावर फांदी बांधायची, बंद केले की काढायची. ते काम माझ्या बायकोचे, मिलकाचे. मंगळवारी पाव भाजून झाल्यावर ती स्वयंपाकघरात कोसळली. फांदी तशीच राहिली.

अंगणात माणसे पीत बसलेली पाहून ती दोघे कोपऱ्यातल्या बाकावर टेकली.

"भावोजी, वाटेला लावा त्यांना," माझी मेहुणी नाद्या म्हणाली. "आज तरी खानावळ नको."

"फांदी आहे ना तिठ्यावर. फांदी असताना तुझ्या बहिणीनं कुणाला उपाशी पाठवलंय?"

"ती होती तेव्हाची गोष्ट वेगळी."

मी उठलो. हॅम होते, अंडी होती. शेजाऱ्यांनी आणलेले पावही होते, पण दुकानातले. मिलकाचा अर्धा पाव कपाटात फडक्यात बांधलेला होता. मंगळवारपासून मी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. रोज एक घास खायचा, असे ठरवले होते. किती दिवस पुरला असता?

त्यांनी तिचे नाव घेऊन मागितला होता. मी सगळा कापला.

बाईने एक तुकडा तोंडात घातला आणि बाकीचे बाजूला सारले. "शिळा आहे हो," ती नवऱ्याकडे झुकून पुटपुटली. "कागदावर काय वाट्टेल ते लिहितात."

नवरा भला होता. जाताना म्हणाला, "छान होतं सगळं. बाईंना सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

उरलेले तुकडे नाद्याने कोंबड्यांना टाकले.

दिवस कलला तेव्हा तिठ्यावर गेलो. फांदी मिलकाच्या जुन्या एप्रनच्या नाडीने बांधलेली होती. गाठ पक्की, तिची. मी नखाने एकेक पदर सैल करत उभा राहिलो. पावाची सुरी सोबत आणली होती. ती खिशातच राहिली.